वाहत्या पाण्याचा हिशेब

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. विद्यार्थी आणि शिक्षक मिळून सव्वाशेच्या आसपास माणसांची सहल, वेळ दुपारची, पावसाळा सरून चार महिने होऊन गेलेले. पुढच्या वर्षी, १५ एप्रिल २०१७ ला, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या मराठा मंडळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. ३० जून २०२४ ला, समुद्रापासून कितीतरी दूर, लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हडपसरच्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. अशी बातमी आली की आपण ठरलेले तीन प्रश्न विचारतो. पोहता येत होतं का? पाणी किती खोल होतं? कोणी अडवलं कसं नाही? तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण वरच्या चारही घटनांना त्यांतला एकही पुरा पडत नाही. पाणी त्या वेळी कुठे चाललं होतं आणि किती वेगाने, हा चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पुण्यासारख्या शहरात, जिथे दर शनिवारी पहाटे ताम्हिणीच्या दिशेने गाड्यांची रांग लागते आणि पोहायला शिकणं म्हणजे तलावाचं मासिक शुल्क भरणं असा अर्थ झाला आहे, तिथे हा चौथा प्रश्न पहिला यायला हवा, असं या लेखाचं म्हणणं आहे.

मुरुडचंच उदाहरण घेऊ. त्या सोमवारी पौष वद्य अष्टमी होती. कोकणातल्या कोळ्यांचा जुना आडाखा असा, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चंद्र रोज पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा येतो, त्याच्याबरोबर भरतीही मागे सरकते, एवढंच त्यामागचं गणित. गावागणिक तासभर इकडेतिकडे होतं, पण भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी पाहून कोणालाही तोंडी करता येतो असा हा हिशेब आहे. त्या दिवशी तो मांडला असता सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी असं उत्तर आलं असतं. म्हणजे दुपारचं पाणी चढतं. दुसरी गोष्ट, अष्टमी म्हणजे भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला रायगडच्या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्या घरात चढतं-उतरतं, भांगाला त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे पंधरवड्यातल्या सर्वांत सौम्य भरतीच्या दिवसांत, वर्षातल्या शांत ऋतूत १४ मुलं गेली. ‘उधाण होतं’, ‘समुद्र खवळला होता’ या नेहमीच्या स्पष्टीकरणांना इथे जागाच उरत नाही. समुद्र खवळलेला असेल तर माणूस आपसूक मागे सरकतो. पाणी निवांत दिसतं तेव्हाच तो कमरेइतक्या पाण्यापर्यंत जातो.

सपाट किनाऱ्यावर दुपारी पाणी चढू लागलं की काय होतं, ते नीट पाहण्यासारखं आहे. ओहोटीला पुळण दूरवर उघडी पडते आणि माणसं हसत-खेळत तितकी दूर चालत जातात. ही पुळण दिसते तशी एकसारखी नसते. लाटांनी रचलेले वाळूचे लांबट उंचवटे आणि त्यांच्यामागे पन्हळीसारखे सखल पट्टे असतात. सहा तासांच्या भरतीतलं जवळपास निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं; सुरुवातीला आणि शेवटी ते रेंगाळतं. त्या मधल्या तासांत पुढे उंचवट्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या गुडघ्याला पाणी असतं आणि मागे, किनाऱ्याकडच्या सखल भागात, ते छातीला पोचलेलं असतं. परतायला निघाल्यावर त्याला हे कळतं. त्यातच ‘ओढ’ असते, पर्यटनाच्या भाषेत रिप करंट. लाटा उंचवट्यावर फुटतात तेव्हा त्या नुसता फेस करत नाहीत, पाणीही किनाऱ्याकडे लोटतात. हे साचलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते उंचवट्यांमधल्या फटी शोधतं आणि त्या चिंचोळ्या वाटेने समुद्राकडे धावतं. जिथे फट आहे तिथे तळ खोल, म्हणून तिथे लाटा फुटत नाहीत. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला डाव्या-उजव्या बाजूला पांढरा फेस दिसतो आणि मधे दहा-वीस मीटरचा गडद, सपाट पट्टा. लहान मुलं घेऊन आलेलं कुटुंब लाटा टाळायच्या म्हणून नेमकं त्या सपाट पट्ट्यातच उतरतं. दहा मिनिटं उंचावर उभं राहून पाहिलं तर तो पट्टा आपली ओळख देतो. फेसाची पांढरी रेघ तिथेच तुटते, पाण्याला गढूळ वाळूची जीभ फुटते, तरंगणारा काटकीकचरा किनाऱ्याकडे न येता बाहेर चाललेला असतो. मोटारीतून उतरल्यावर थेट पाण्याकडे धावणाऱ्याला ही दहा मिनिटं फार वाटतात.

आता वेग. साधी ओढ सेकंदाला अर्धा मीटर असते, जोराची दोन मीटरच्याही पुढे जाते. पन्नास मीटर पोहण्यात जगातले सर्वांत वेगवान पुरुष सुमारे २१ सेकंद घेतात, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटरहून थोडं अधिक, आणि तेही आरशासारख्या पाण्यात, सूर मारून, एकाच दमात. टिळक तलावावर किंवा बालेवाडीला नियमित पोहणारा चांगला हौशी माणूस पन्नास मीटरला मिनिटभर घेतो. त्याचा वेग सेकंदाला पाऊण-एक मीटर. सेकंदाला एक मीटरच्या ओढीविरुद्ध तो जीव तोडून पोहला तरी जागच्या जागी राहील किंवा मागे जाईल, आणि तीन-चार मिनिटांत त्याचे हात गळतील. रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. माणूस बुडतो तो किनाऱ्याकडे तोंड करून दमल्यामुळे. म्हणून ‘पोहता येत होतं का’ या प्रश्नाचं ‘हो’ हे उत्तर इथे फारसं कामाचं नाही. काही वेळा तर ते घातकच ठरतं, कारण ज्याला पोहता येत नाही तो निदान गुडघाभर पाण्यात थांबतो. पुण्याच्या पोहण्याला नेमकी इथेच मर्यादा आहे. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलली गेलेली पिढी असो की पट्ट्यापट्ट्यांच्या तलावात किकबोर्ड धरून शिकलेली, दोघींनी पाणी स्थिरच पाहिलं. मुठेत पोहायला शिकलेले जुने पुणेकर होते, त्यांच्या अंगात प्रवाहाचं थोडं तरी भान मुरलेलं असायचं. ती नदी आता पोहण्यालायक राहिली नाही आणि तिच्याबरोबर ते भानही गेलं. नदी मैली झाल्याचे तोटे मोजताना हा कोणी धरत नाही.

वेगाचा दुसरा गुण असा की तो दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. भुशी धरणामागे जे घडलं त्याच्या मुळाशी हेच गणित आहे. सेकंदाला एक मीटरने वाहणाऱ्या, मांड्या बुडतील एवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या प्रौढावर साधारण वीस किलो वजनाइतका रेटा येतो. पाय रोवून, एकमेकांना धरून तो सोसता येतो, आणि तो सोसता येतो म्हणूनच माणसं प्रवाहाच्या मधोमध उभी राहून फोटो काढतात. वरच्या डोंगरावर सर आली आणि वेग दोन मीटरवर गेला की तोच रेटा ऐंशी किलोच्या घरात जातो. शेवाळलेल्या खडकावर एवढा रेटा सोसणारं माणूस नाही. पाणी अचानक खूप खोल व्हावं लागत नाही, वीतभर चढलं आणि वेग वाढला तरी पुरे. एकमेकांना धरून उभं राहण्याने तेव्हा उलटाच परिणाम होतो; एकाचा पाय सुटला की त्याच्यावरचा भार शेजाऱ्यावर येतो. जून-जुलैत धबधब्याकडे जाणारे आणि नोव्हेंबरनंतर समुद्राकडे जाणारे पुणेकर बहुधा तेच असतात. जागा बदलल्या तरी पाण्याचा नियम बदलत नाही.

खडकाळ किनाऱ्यावर धोका वेगळ्या रूपात येतो. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग हे त्याचं सगळ्यांच्या परिचयाचं ठिकाण. तिथे माणूस पाण्यात उतरत नाही, पाणी त्याच्याकडे येतं. खडपावर कोरड्या जागी बसलेला माणूस पाच-दहा मिनिटं लाटा पाहतो, त्यांतली मोठी कुठवर येते हे ठरवतो आणि निर्धास्त होतो. लाटांचं गणित या निर्धास्तपणाच्या विरुद्ध आहे. समुद्रातल्या लाटा एका मापाच्या नसतात. हजार लाटांमधली सर्वांत मोठी ही त्या वेळच्या ‘मोठ्या’ म्हणून धरलेल्या लाटांच्या जवळपास पावणेदोन-दोन पट उंच निघते. दहा सेकंदांना एक लाट धरली तर हजार लाटा पावणेतीन तासांत होतात. म्हणजे दुपारभर एका जागी बसणाऱ्याला ती लाट भेटण्याची शक्यता चांगलीच असते, आणि दहा मिनिटांच्या पाहणीत ती दिसली नाही याला काही अर्थ नसतो. शिवाय ही लाट स्थानिक वाऱ्यामुळेच उठते असंही नाही. दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटर दूर, वादळ होतं. तिथून निघालेल्या लांब पल्ल्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. केरळचे मच्छीमार याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. २०१२ मध्ये युनेस्कोने हा शब्द शास्त्रीय संज्ञा म्हणून स्वीकारला. त्याचा जोर केरळात अधिक असला तरी एप्रिल-मे महिन्यात, वारा पडलेला असताना, कोकणातही अशा लाटा येतात. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे केंद्र सरकारचं केंद्र त्यांचा अंदाज आधी देतं. तो अंदाज मच्छीमारांपर्यंत पोचतो. हॉटेलात उतरलेल्या पर्यटकापर्यंत तो पोचवणं हे कोणाचंच काम नाही.

अशा दुरून आलेल्या लाटेचा हेलकावा पाण्याखाली गेल्यावर कसा लागतो, हे मालवण-तारकर्लीच्या स्कुबामुळे आता पुष्कळ मराठी माणसांना माहीत होऊ लागलं आहे. ‘पोहता येत नसलं तरी चालेल’ अशी तिथली जाहिरात असते आणि ती खोटी नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात सात-आठ-दहा मीटर खोलीवर प्रशिक्षक पर्यटकाला धरून नेतो, मासे दाखवतो, वर आणतो. अडचण अशी की खोली कमी म्हणून धोका कमी, हे इथे खरं नाही. छोट्या, जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटेचा परिणाम थोड्या खोलीवर विरतो. दुरून आलेल्या लाटेचा विरत नाही. एक मीटर उंचीची, बारा सेकंदांची लाट पृष्ठभागावर जेमतेम जाणवते, पण तीच दहा मीटर खोलीवर तळाजवळच्या पाण्याला पावणेदोन मीटर पुढे आणि तितकंच मागे झुलवते. खडकाच्या कपारीजवळ, प्रवाळापाशी, पावणेदोन मीटरचा झोका म्हणजे डोकं आपटण्याइतकं अंतर. शिकलेला पाणबुड्या या झोक्याशी भांडत नाही. पाणी पुढे नेतं तेव्हा जातो, मागे आणतं तेव्हा खडकापासून लांब राहतो. न शिकलेला दोन्ही वेळा पाय मारतो. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला टाकीतली हवाही दुप्पट लागते; धडपड सुरू झाली की ती आणखी वेगाने संपते आणि घाबरून श्वास रोखून वर यावंसं वाटतं. स्कुबात सर्वांत घातक तेच. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. प्रशिक्षकाने पर्यटकाला सतत धरून ठेवण्याचं खरं कारण हे आहे. आणि तरीही धोका पाण्याखालीच संपत नाही. तारकर्लीच्या दुर्घटनेत माणसं पाण्याखाली गेलेली असताना काही झालं नाही, परतताना बोट उलटली. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तर ओहोटीचं पाणी, नदीचं पाणी आणि समोरून येणारी लाट एकमेकांना भिडतात. प्रवाहाविरुद्ध आलेली लाट आखडते आणि उभी चढते. अनुभवी नावाडी तिथे वेळ पाहून शिरतो. घाई सहसा बोटीतल्या गिऱ्हाइकाला असते.

थंड समुद्राचा विषय पुण्याला परका वाटेल, पण आता तो तसा राहिलेला नाही. पुण्यातून शिकायला-नोकरीला गेलेली मुलं कॅलिफोर्नियात, ब्रिटनमध्ये, नॉर्वेत समुद्रात उतरतात; कोणी गोव्यात-अंदमानात स्कुबाचं प्रमाणपत्र मिळवून जातं आणि तिथेही ते चालतं. कोकणातलं पाणी साधारण २५ ते ३० अंशांचं. तिकडे ते बऱ्याचदा पंधराच्या खाली असतं. अशा पाण्यात अचानक पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात आपोआप हुंदका आल्यासारखा जोराचा श्वास येतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तोच जीव घेतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिस्ब्रेक्ट यांनी याची मांडणी एक-दहा-एक अशी केली आहे. एक मिनिट श्वास आवरायला, दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला तास लागतो. म्हणजे थंडीने गोठून मरण्याआधीच पोहण्याची ताकद जाते. आता यात प्रवाह मिळवा. जाड पोशाख, त्याला बुडवायला कमरेला जास्तीचं शिसं, हातमोज्यांत बधिर झालेली बोटं. असा पाणबुड्या नॉटभर वेगाच्या, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरच्या प्रवाहाविरुद्ध फार वेळ टिकत नाही. नॉर्वेत बोडो शहराजवळ साल्टस्ट्राउमेन नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे, जगातल्या सर्वांत वेगवान भरती-प्रवाहांपैकी एक. तरीही तिथे लोक हौसेने बुडी मारतात, आणि सुखरूप वर येतात, कारण ते वेळापत्रक पाहून भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी थांबतं तेवढ्याच वेळात आत जातात. आपल्या कोळ्याचा तिथीचा आडाखा आणि नॉर्वेच्या पाणबुड्याचं छापील वेळापत्रक यांत अचूकतेचा फरक आहे, शहाणपणाचा नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढं शिकवण्यापेक्षा बंदी सोपी. बंदी असावीच, पावसाळ्यात मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलक्रीडा बंद असतात ते योग्यच आहे. पण सुरुवातीला दिलेल्या तारखा पुन्हा पाहा. फेब्रुवारी, एप्रिल आणि मेचा चौथा आठवडा; समुद्रावरच्या तिन्ही घटना बंदीच्या काळाबाहेरच्या आहेत. बंदी ऋतू पाहते, ओढ त्या दिवसाचा तळ आणि लाट पाहते. मुरुडनंतर शैक्षणिक सहलींवर निर्बंध घालणारी परिपत्रकं निघाली. त्यांनी संस्थांची जबाबदारी निश्चित झाली असेल, मुलांना पाण्याबद्दल त्यातून काही कळलं नाही. सहलीला समुद्रावर न नेलेला मुलगा दोन वर्षांनी मित्रांच्या मोटारसायकलवरून तिथेच जातो, तेव्हा त्याच्याजवळ ना शिक्षक असतो ना माहिती. दुसरा आक्षेप बेफिकिरीचा, दारूचा, सेल्फीचा. अशी माणसं आहेत, आणि त्यांना कोणताही लेख अडवणार नाही. पण सहलीला आलेली कॉलेजची मुलं किंवा भुशीवरचं लहानग्यांसह आलेलं कुटुंब यांना त्या रांगेत बसवणं अन्याय आहे. सपाट दिसणारं पाणी सुरक्षित समजणं ही बेफिकिरी नव्हे; ते कोणीच न शिकवल्याचं फळ आहे.

तिसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. जीवरक्षक नेमा, बाकी सगळं दुय्यम. गोव्याने २००८ पासून ‘दृष्टी’ संस्थेकडे किनाऱ्यांवरची जीवरक्षणाची व्यवस्था सोपवली. तिथे लाल आणि लाल-पिवळे झेंडे असतात, शिट्ट्या वाजतात, माणसं बाहेर काढली जातात. महाराष्ट्रात गर्दीच्या किनाऱ्यांवर अशी कायमची, पगारी, साधनांनी सज्ज व्यवस्था नसणं ही सरकारी हयगय आहे, आणि वाचकाने पाणी वाचायला शिकल्याने ती माफ होत नाही. तरी दोन गोष्टी उरतात. एक, ७०० किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर प्रत्येक पुळणीला जीवरक्षक मिळणार नाही, आणि पुणेकराची हौस तर ‘अजून कोणाला माहीत नसलेला बीच’ शोधण्याची. दोन, झेंडा पाळायला झेंड्याचं कारण पटावं लागतं. मधला सपाट पट्टा सोडून फेसाळ लाटांच्या बाजूला पोहा असं जीवरक्षक सांगतो, ते न शिकलेल्या माणसाला उलटंच वाटतं, आणि तो हुज्जत घालतो.

चौथा आक्षेप सर्वांत विचार करायला लावणारा. थोडं कळलं की धाडस वाढतं. ओढ ओळखता येते म्हणून माणूस अधिक आत जाईल. पोहण्याच्या कौशल्याबद्दल ही भीती खरी आहे, हे वर मान्य केलंच आहे. पाणी ओळखण्याचं तसं नाही. पोहण्याचं शिक्षण ‘मला काय जमतं’ हे सांगतं, प्रवाहाचं शिक्षण ‘इथे कोणालाच काय जमत नाही’ हे सांगतं. समुद्र सर्वांत जास्त जाणणारा समाज कोळ्यांचा, आणि तो फुटत्या लाटांत मौजेखातर डुंबताना क्वचितच दिसतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवण्याची रीत सरकारी मासेमारी बंदीच्या कितीतरी आधीची आहे. ज्ञानाने त्यांचं धाडस वाढलं असेल, पण ते पोटासाठी आणि वेळ पाहून. पर्यटकाला तेवढ्या धाडसाची गरजच नाही.

विचित्र गोष्ट अशी की हे ज्ञान पुण्याला परकं नाही. खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळा आहे. देशातल्या बंदरांची प्रतिरूपं तिथे आवारात बांधली जातात, त्यांत कृत्रिम भरती-ओहोटी सोडतात, लाटा उठवतात, वाळू कुठून कुठे सरकते ते पाहतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. समुद्र नसलेल्या या शहरात समुद्राच्या हालचालींचा अभ्यास कित्येक दशकं चालू आहे, आणि त्याच शहरातल्या शाळेत भूगोलाचं पुस्तक भरती-ओहोटीची आकृती काढायला लावून थांबतं. चंद्र, पृथ्वी, सूर्य एका रेषेत काढणाऱ्या मुलाला ‘मग येत्या शनिवारी दुपारी तीनला दिवेआगरला पाणी चढत असेल की उतरत’ हे विचारलं जात नाही. विचारलं तर त्याला ते पाच मिनिटांत काढता येईल. सहलीच्या परवानगीपत्रावर पालकांची सही असते. त्यावर तिथी, भरतीची वेळ आणि त्या दिवसाचा लाटांचा अंदाज एवढ्या तीन ओळी वाढल्या तर शिक्षकांना निदान कोणत्या तासात मुलांना वाळूवर ठेवायचं हे समजेल.

आणि ओढीत सापडलंच तर? पूर्वी एकच सल्ला असायचा, किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढीबाहेर पडा. २०१० मध्ये जेमी मॅकमहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनच्या किनाऱ्यांवर जीपीएस लावलेली तरंगती उपकरणं ओढीत सोडली, तेव्हा बहुतेक उपकरणं खोल समुद्रात न जाता गोल फिरून लाटांच्या पट्ट्यातच परत आली. त्यावरून नुसतं तरंगत राहा असं सांगणारे आणि बाजूला पोहा म्हणणारे यांच्यात वाद झाला, तो अजून मिटलेला नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची ओढ सारखी वागत नाही. पण एका बाबतीत दोघांचंही एकमत आहे. किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, दम राखा, हात वर करून कोणाचं तरी लक्ष वेधा. ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांची संस्था तर पाठीवर पडून तरंगा, एवढंच सांगते. पुण्याच्या तलावात हे शिकवायला नवी सोय लागत नाही. कपड्यांसह पाण्यात उतरून पाच मिनिटं उताणं तरंगायचं, एवढी परीक्षा पन्नास मीटरच्या वेळेआधी घेतली तरी चालेल.

किनाऱ्यावरच्यांसाठीही एक हिशेब आहे, आणि तो सहसा चुकतो. एक बुडताना दिसला की दुसरा धावतो, मग तिसरा. एकाच कुटुंबातली, एकाच वर्गातली माणसं एकामागून एक जातात ती बऱ्याचदा अशीच. हातांची साखळी करून आत शिरणं ओढीत कुचकामी आहे, कारण साखळीचं टोक खोल फटीत पोचतं तिथेच पाय सुटतात. सहलीच्या बसमध्ये पाण्याचा वीस लिटरचा कॅन असतोच. तो रिकामा करून बूच घट्ट लावलं तर वीस किलोचं वजन पाण्यावर धरतो, आणि तरंगणाऱ्या माणसाचं डोकं वर राहायला चार-पाच किलोचा आधार पुरतो. तो फेकून त्याच्यापर्यंत पोचवण्याइतकी ताकद कोणाच्या हातात नसते, पण तशी गरजही नाही. माणूस जिथून गेला त्याच सपाट पट्ट्यात कॅन सोडायचा. वारा समोरून फार नसेल तर ज्या पाण्याने त्याला नेलं तेच पाणी कॅनही त्याच्याकडे नेतं.